किरणोत्सर्गी विद्युत्घटाची व्यवहार्यता : नंदादेवी-प्रकरणाच्या आधारें एक विचार

(१)

कांहीं मूलद्रव्यें कोणत्याही बाह्य कारणावांचून सतत किरण व उष्णता बाहेर टाकीत असतात. ह्या शक्तीपासून वीज घेऊन, वर्षानुवर्षें न भरतां चालणारा विद्युत्घट करावा, ही कल्पना किरणोत्सर्गाच्या शोधाला जवळजवळ समकालीन आहे. असा घट होऊं शकतो काय, ह्या प्रश्नाचा निकाल १९१३ सालींच लागला. तो व्यवहारांत उपयोगी पडेल काय, हा प्रश्न मात्र त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें पुनःपुन्हा विचारला गेला. पदार्थविज्ञानाच्या ग्रंथांत ह्या प्रश्नाचा विचार बहुधा कार्यक्षमतेच्या आंकड्यांवरून केलेला असतो. परंतु हे घट प्रत्यक्ष कोठें नेले गेले, कोणीं नेले व पुढें त्यांचें काय झालें, हें कालानुक्रमानें पाहिलें म्हणजे असें दिसून येतें कीं, त्यांच्या व्यवहार्यतेचा निर्णय विजेच्या हिशेबापेक्षां स्थळाच्या दुर्गमतेनें आणि राखणीच्या सोयीनें झालेला आहे. हें विधान सप्रमाण मांडावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आपल्या देशांतील नंदादेवीचें प्रकरण ह्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचें असल्यानें त्याचा विचार थोडा विस्तारानें केला आहे.

(२)

१८९६ सालीं बेक्वेरेल ह्यांनीं युरेनियमचे किरण शोधले, व १८९८ सालीं मारी व पिएर क्यूरी ह्यांनीं रेडियम हें नवें मूलद्रव्य जाहीर केलें. १९०३ च्या मार्चमध्यें पिएर क्यूरी व आल्बेर लाबोर्द ह्यांनीं रेडियमची उष्णता मोजली. एक ग्रॅम रेडियम दर तासास सुमारें १०० कॅलरी उष्णता देतें, म्हणजे आपल्या वजनापेक्षां अधिक बर्फ दर तासास वितळवितें, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच सालीं इंग्लंडांत आर. जे. स्ट्रट ह्यांनीं ‘रेडियमचें घड्याळ’ तयार केलें. निर्वात कांचपात्रांत रेडियमची कुपी टांगून तिला वर्खाचीं दोन पानें जोडलेलीं होतीं. कुपींतून विद्युद्भारित कण बाहेर पडत, मागें राहिलेल्या भारामुळें पानें एकमेकांपासून दूर सरत, कडेच्या धातूस टेकतांच भार निघून जाई व पानें पुन्हां मिटत. ही उघडझांक कोणी किल्ली न देतां चालूं राही.

ह्या खेळण्यास घटाचें रूप देण्याचें श्रेय हेन्री मोझ्ली ह्यांस आहे. १९१३ सालीं त्यांनीं रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत आपला प्रयोग प्रसिद्ध केला. आंतून चांदीचा मुलामा दिलेल्या निर्वात गोलाच्या मध्यभागीं रेडियमपासून निघणारा वायु कुपींत भरून ठेवला असतां, त्यांतून सुटणारे बीटा-कण गोलाच्या भिंतीस जाऊन मिळत व कुपीवर भार सांठत जाई. थेंबें थेंबें तळें सांचावें त्याप्रमाणें हा भार वाढत वाढत सुमारें दीड लक्ष व्होल्टपर्यंत चढला. परंतु प्रवाह मात्र एका अँपियरच्या अब्जांशाहूनही कमी होता. दाब अजस्र, पण त्याच्यानें एखादा दिवाही लागावयाचा नाहीं, अशी ही वीज होती. पुढें दोनच वर्षांनीं, १० ऑगस्ट १९१५ रोजीं, मोझ्ली गॅलिपोलीच्या रणांगणावर वयाच्या २७ व्या वर्षीं मारले गेले.

ह्या घटाची मूळ अडचण एका साध्या हिशेबानें स्पष्ट होते. एक ग्रॅम चांगला कोळसा जळाला असतां सात-आठ हजार कॅलरी उष्णता मिळते. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षांचें आहे, व तितक्या दीर्घ काळांत त्याच्या एका ग्रॅमांतून मिळणारी एकूण उष्णता सुमारें दोनशें कोटी कॅलरी भरते. म्हणजे कोळशाच्या अडीच लक्षपट. एवढा सांठा पाहून मनुष्याचे डोळे दिपावे, यांत नवल नाहीं. परंतु दर तासास १०० कॅलरी म्हणजे एका वॅटचा सुमारें नववा हिस्सा. त्या उष्णतेची वीज करावयाची तर तिचा पंधरावा-विसावा भागच हातीं येतो. तेव्हां एक वॅट वीज मिळविण्यास सुमारें दीडशें ग्रॅम रेडियम लागेल. १९२१ सालीं अमेरिकेंतील स्त्रियांनीं वर्गणी जमवून मारी क्यूरी ह्यांस एक ग्रॅम रेडियम भेट दिलें, त्याची किंमत एक लक्ष डॉलर होती. त्या भावानें एक वॅट विजेस दीड कोटी डॉलर पडतात. रांजण मोठा, पण त्याची तोटी सुईच्या अग्राएवढी, अशी ही स्थिति आहे. आणखी विशेष असें कीं, ही तोटी मोठी करतां येत नाहीं, तशी ती बंदही करतां येत नाहीं. काम असो वा नसो, थेंब पडतच राहतो. पुढील सर्व इतिहासाचें बीज ह्या दुसऱ्या गोष्टींत आहे.

(३)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अणुभट्ट्या निघाल्या व पूर्वीं सृष्टींत न आढळणारीं किरणोत्सर्गी द्रव्यें मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागलीं. १९५४ सालीं अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील माउंड प्रयोगशाळेंत केनेथ जॉर्डन व जॉन बर्डन ह्यांनीं मोझ्लीचा मार्ग सोडून निराळी युक्ति काढली. दोन भिन्न धातूंचे सांधे एक तप्त व एक थंड ठेवले असतां त्यांच्यामधून वीज वाहते, हा झेबेकचा १८२१ सालचा शोध होता. जॉर्डन व बर्डन ह्यांनीं तप्त सांध्यापाशीं पोलोनियम ठेवून त्याच्या उष्णतेपासून वीज घेतली. ह्या यंत्रांत हलणारा एकही भाग नव्हता, म्हणून झिजणें, अडकणें किंवा तेलपाणी हा प्रश्नच उरला नाहीं. १९५९ च्या जानेवारींत असेंच एक हातांत मावणारें यंत्र अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांच्या टेबलावर ठेवून दाखविण्यांत आलें.

पुढें कोणतें द्रव्य वापरावें हा प्रश्न आला. जें द्रव्य लवकर क्षय पावतें तें उष्णता भरपूर देतें, पण तें लवकर निवतें. जें सावकाश क्षय पावतें तें टिकतें, पण त्याची ऊब थोडी. पोलोनियमचें अर्धायुष्य अवघे १३८ दिवस, तर रेडियमचें १६०० वर्षें. ह्या दोहोंच्या मधला मार्ग प्लुटोनियम-२३८ ह्या द्रव्यानें काढला. त्याचें अर्धायुष्य सुमारें ८८ वर्षें असून एका ग्रॅमापासून अर्ध्या वॅटहून थोडी अधिक उष्णता मिळते. त्याचे आल्फा-किरण पातळ पत्र्यानेंही अडतात, त्यामुळें जड शिशाचें आवरण वागवावें लागत नाहीं. स्ट्रॉन्शियम-९० हें अणुभट्टीच्या राखेंतून निघणारें द्रव्य त्या मानानें स्वस्त, व त्याचें अर्धायुष्य सुमारें २९ वर्षें. परंतु त्याच्या किरणांपासून बचाव करण्यास भारी आवरण लागतें, म्हणजे चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला. म्हणून जेथें वजन परवडत नाहीं तेथें प्लुटोनियम, व जेथें वजनाची फिकीर नाहीं तेथें स्ट्रॉन्शियम, अशी वांटणी झाली.

२९ जून १९६१ रोजीं ट्रान्झिट-४ए ह्या अमेरिकन उपग्रहाबरोबर प्लुटोनियमचा घट प्रथमच अवकाशांत गेला. त्याची शक्ति २.७ वॅट होती. १९७७ सालीं निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर अशीं प्रत्येकीं तीन यंत्रें होतीं, व आरंभीं त्यांची एकत्रित शक्ति सुमारें ४७० वॅट होती. ती दर वर्षास सुमारें चार वॅटनें घटत गेली, तसतशीं यानांवरील उपकरणें एकामागून एक बंद करण्यांत आलीं. तथापि २०२५ सालींही दोन्ही यानें पृथ्वीकडे संदेश पाठवीत होतीं. सूर्यापासून इतक्या दूर सूर्यप्रकाशाची वीज मिळत नाहीं, व घट बदलण्यास कोणी जाऊं शकत नाहीं. तेथें ह्या घटास प्रतिस्पर्धी नाहीं.

याच्या उलट उदाहरण हृदयाच्या स्पंदकाचें आहे. १९७० सालीं पॅरिस येथें प्लुटोनियमच्या घटावर चालणारा स्पंदक प्रथम मनुष्याच्या शरीरांत बसविण्यांत आला. त्या वेळच्या रासायनिक घटांचें आयुष्य दोन-तीन वर्षांपलीकडे क्वचितच जाई, व प्रत्येक वेळीं रोग्यास शस्त्रक्रिया सोसावी लागे. नव्या घटानें ही आपत्ति टळली. परंतु १९७२ पासून लिथियमचे दीर्घकाल टिकणारे घट आले आणि प्लुटोनियमचे स्पंदक मागें पडले. वस्तुतः आयुष्याच्या हिशेबानें प्लुटोनियमच वरचढ होतें. पण ज्यानें तें शरीरांत वागविलें तो मरण पावल्यावर स्पंदक काढून घेऊन परत पाठविणें आवश्यक होतें, व त्यासाठीं प्रत्येक रोग्याचा ठावठिकाणा आयुष्यभर नोंदवून ठेवावा लागे. जेथें वैद्याचा हात पोंचूं शकतो, तेथें दहा वर्षांनीं घट बदलणें हें ह्या राखणीपेक्षां सोपें ठरलें.

(४)

आतां नंदादेवीच्या प्रकरणाकडे वळूं. ह्याचीं मुख्य साधनें तीन आहेत : पंतप्रधान मोरारजी देसाई ह्यांनीं १७ एप्रिल १९७८ रोजीं लोकसभेंत केलेलें निवेदन, त्यानंतर नेमलेल्या शास्त्रज्ञ-समितीचा अहवाल, आणि मोहिमेंतील भारतीय तुकडीचे नायक मनमोहनसिंग कोहली ह्यांनीं केनेथ कॉनबॉय ह्यांच्यासह लिहिलेला, २००२ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ. पहिलें सरकारी दप्तराच्या आधारें सभागृहापुढें केलेलें आहे. तिसरें प्रत्यक्ष भाग घेणाऱ्याचें असलें तरी घटनेनंतर सदतीस वर्षांनीं प्रकाशांत आलेलें आहे. म्हणून मुख्य घटनाक्रमास पहिल्याचा आधार घ्यावा व बारीकसारीक तपशिलास तिसऱ्याचा, हें योग्य होय. मुख्य मुद्द्यांवर दोहोंची एकवाक्यता आहे.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजीं चीननें लोपनोर येथें पहिला अणुस्फोट केला. चिनी क्षेपणास्त्रांच्या चांचण्यांतील संदेश ऐकण्यासाठीं हिमालयाच्या उंच शिखरावर यंत्र बसवावें, असें भारत व अमेरिका ह्या दोन सरकारांनीं गुप्तपणें ठरविलें. हा निर्णय दोन्ही बाजूंच्या उच्चतम पातळीवर झाला होता, असें देसाई ह्यांनीं स्पष्ट सांगितलें. त्यासाठीं ७,८१६ मीटर उंचीचें नंदादेवी शिखर निवडण्यांत आलें. तेथें रासायनिक घट थंडीनें निकामी होतात, सूर्यप्रकाशाच्या तबकड्यांवर बर्फ सांचतें, व इंधन पोंचविणें अशक्य. तेव्हां किरणोत्सर्गी घटाची निवड केवळ विजेच्या दृष्टीनें पाहिली तर निर्दोष होती. स्नॅप-१९ ह्या जातीचें प्लुटोनियमचें यंत्र त्या कामीं देण्यांत आलें.

१९६५ च्या ऑक्टोबरांत तुकडी शिखराखालच्या शेवटच्या तळाजवळ पोंचली असतां हिमवादळ आलें. माणसांचे प्राण वांचविण्यासाठीं यंत्र तेथेंच खडकास बांधून सर्वजण खालीं उतरले. ह्या निर्णयास दोष देतां येत नाहीं. पुढील सालीं तुकडी परत गेली तेव्हां यंत्र जागेवर नव्हतें. हिमप्रपातानें तें वाहून नेलें असावें, असें अनुमान करण्यांत आलें. त्यानंतर वारंवार शोध झाला, परंतु यंत्र मिळालें नाहीं. १९६७ सालीं दुसरें यंत्र शेजारच्या पर्वतावर बसविण्यांत आलें व कांहीं काळानें तें काढून घेण्यांत आलें. कोहलींच्या ग्रंथावरून हा पर्वत नंदाकोट होय. यंत्र वाहतांना त्याच्या उबेमुळें शेर्पा त्याच्याजवळ राहूं इच्छीत व त्यांनीं त्यास ‘गुरु रिंपोछे’ असें नांव दिलें होतें, अशी हकीकतही कोहली देतात. ती पुढील एका घटनेशीं ताडून पाहण्याजोगी आहे, म्हणून येथें नमूद केली.

तेरा वर्षें हें प्रकरण गुप्त राहिलें. १९७८ सालीं एका अमेरिकन मासिकानें तें उघडकीस आणल्यावर देसाई ह्यांनीं निवेदन केलें व आत्माराम ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. नदीच्या पाण्याच्या नमुन्यांत किरणोत्सर्गी दूषण आढळलें नाहीं, तथापि देखरेख चालूं ठेवावी, असा समितीच्या मताचा सारांश आहे.

आतां ह्या घटनेचा व्यवहार्यतेच्या प्रश्नाशीं संबंध पाहूं. खडकास बांधलेला घट साध्या रसायनाचा असता, तर तो हरवणें ही केवळ मालमत्तेची हानि झाली असती. तो किरणोत्सर्गी असल्यामुळें त्याचें हरवणें हें एका खोऱ्याचें प्रकरण झालें. नंदादेवीचें बर्फ वितळून ऋषिगंगेस मिळतें, ऋषिगंगा धौलीगंगेस, धौली अलकनंदेस, व अलकनंदा पुढें गंगा होते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं ऋषिगंगेच्या खोऱ्यांत भयंकर लोंढा आला व दोनशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं किंवा बेपत्ता झालीं. त्या वेळीं रैणी गांवच्या लोकांनीं हरवलेल्या यंत्राविषयीं संशय व्यक्त केला. शास्त्रज्ञांनीं तपास करून रोंटी शिखराचा खडक व बर्फ कोसळून लोंढा आला असें दाखविलें, व तें मान्य केलें पाहिजे. यंत्राच्या उष्णतेनें असा उत्पात होईल, ह्यास पुरावा नाहीं. परंतु छपन्न वर्षांपूर्वीं, आपणांस न विचारतां, आपल्या डोक्यावरील डोंगरांत ठेवलेल्या वस्तूची आठवण त्या गांवास त्या दिवशीं व्हावी, ही गोष्ट इतिहासानें नोंदून ठेवण्यासारखी आहे. हिशेबानें पाहतां त्या दिवशींही त्या प्लुटोनियमपैकीं सुमारें चौसष्ट टक्के शिल्लक होतें.

दुर्गम किल्ल्यांचा इतिहास जाणणाऱ्या वाचकांस ह्यांतील मर्म सहज कळेल. कडा अवघड असला म्हणजे शत्रूस चढतां येत नाहीं, पण शिबंदीस दाणागोटाही पोंचत नाहीं. ज्या दुर्गमतेमुळें नंदादेवीवर असा घट न्यावा लागला, त्याच दुर्गमतेमुळें तो परत आणतां आला नाहीं. ह्याच स्नॅप-१९ जातीच्या यंत्रांची दुसरी हकीकत तुलनेस घ्यावी. १९६८ च्या मे महिन्यांत निंबस-बी ह्या उपग्रहाचा अग्निबाण बिघडल्यानें तो नष्ट करावा लागला व यंत्रें कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत पडलीं. तीं कोठें पडलीं हें ठाऊक असल्यामुळें कांहीं महिन्यांत तळावरून काढण्यांत आलीं, व त्यांतील इंधन पुढील सालीं दुसऱ्या उपग्रहावर वापरण्यांत आलें. यंत्राची बनावट एकच, परंतु एक ठिकाण गांठतां येण्याजोगें होतें व दुसरें नव्हतें.

(५)

दुर्गम स्थळाचा दुसरा प्रकार सोव्हिएत संघराज्याच्या उत्तर किनाऱ्यावर दिसतो. आर्क्टिक समुद्रांतील जलमार्गावर मनुष्यवस्ती नसलेल्या ठिकाणीं दीपगृहें चालविण्यासाठीं तेथें स्ट्रॉन्शियमचीं सुमारें एक हजार यंत्रें बसविण्यांत आलीं. त्यांतील एका प्रचलित नमुन्यांत सुमारें २३० वॅट उष्णतेपासून अवघी १० वॅट वीज मिळे, व ती दिव्यास पुरे. राज्य भक्कम असेतोंपर्यंत ही योजना उपयुक्त होती. १९९१ सालीं राज्यच मोडलें. कित्येक यंत्रें बेवारशी झालीं, व भोंवतालच्या धातूच्या लोभानें चोरांनीं कांहीं फोडलीं. पुढें नॉर्वे, अमेरिका आदि देशांच्या साहाय्यानें हीं यंत्रें गोळा करून दीपगृहांवर सौर तबकड्या लावण्यांत आल्या. उन्हाळ्यांत सांठविलेली वीज हिवाळ्याच्या दीर्घ रात्रीं पुरविण्याजोगे घट तोंपर्यंत निघाले होते.

ह्याच मालिकेंतील सर्वांत करुण घटना जॉर्जिया देशांतील लिया गांवाजवळची आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं इंगुरी नदीवरील धरणांच्या कामासाठीं संदेशयंत्रणेस स्ट्रॉन्शियमचीं यंत्रें पुरविलीं होतीं. काम थांबलें व यंत्रें विस्मृतींत गेलीं. २००१ च्या डिसेंबरांत लांकडें आणण्यास गेलेल्या तीन माणसांस रानांत दोन नळकांडीं दिसलीं. त्यांच्या भोंवतालचें बर्फ वितळलेलें होतें. रात्र थंडीची होती, म्हणून त्यांनीं तीं नळकांडीं जवळ घेऊन ऊब घेतली. तिघेही किरणांनीं भाजले व त्यांपैकीं एक दोन वर्षांहून अधिक काळ उपचार घेऊन २००४ सालीं मरण पावला. २००२ च्या फेब्रुवारींत आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्थेच्या साहाय्यानें तीं नळकांडीं उचलण्यांत आलीं. नंदादेवीच्या वाटेवर शेर्पांस जी ऊब हवीशी वाटली, तीच ही ऊब. प्लुटोनियमचे किरण कवचांत अडतात, उघड्या स्ट्रॉन्शियमचे अडत नाहींत, एवढाच दोहोंत भेद. पण हा भेद हातास कळत नाहीं. विझलेल्या दिव्याजवळ कोणी जात नाहीं. हा घट मात्र त्याचा दिवा बंद झाल्यावरही माणसास जवळ बोलावीत राहतो.

(६)

वरील पुराव्यावरून निष्कर्ष काढावयाचा तो असा. किरणोत्सर्गी घट व्यवहार्य ठरण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, हवी असलेली शक्ति अल्प असावी. दुसरी, घट बदलण्यास मनुष्य पोंचूं शकत नसावा. तिसरी, त्याच्या क्षयाचा काळ संपेपर्यंत त्याचा कोणी धनी असावा, किंवा तो मनुष्यमात्राच्या वाटेंतून कायमचा निघून गेलेला असावा. व्हॉयेजरच्या ठिकाणीं तिन्ही गोष्टी जुळल्या. स्पंदकांत दुसरी नव्हती, म्हणून तो मागें पडला. नंदादेवीवर व उत्तरेच्या दीपगृहांत पहिल्या दोन होत्या, पण तिसरी नव्हती. आणि तिसरीचा विचार योजनेच्या कागदांत बहुधा शेवटीं येतो किंवा येतच नाहीं.

हा प्रश्न आतां केवळ ऐतिहासिक राहिलेला नाहीं. २०२३ सालच्या चंद्रयान-३ मोहिमेंतील प्रणोदन-भागावर तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें तयार केलेलीं प्रत्येकीं एक वॅट उष्णतेचीं दोन किरणोत्सर्गी तापकें होतीं. चंद्रावर उतरलेल्या भागावर तसें साधन नव्हतें, व चौदा दिवसांच्या रात्रीनंतर तो जागा झाला नाहीं. तेव्हां अवकाशांत ह्या मार्गानें जाणें आपणांसही अवश्य होणार, हें उघड आहे. दुसऱ्या बाजूनें, २०२४ च्या जानेवारींत बीजिंग येथील बीटाव्होल्ट ह्या कंपनीनें निकेल-६३ चा, पन्नास वर्षें न भरतां चालेल असा, नाण्याएवढा घट जाहीर केला. त्याची शक्ति १०० मायक्रोवॅट. म्हणजे एका वॅटसाठीं असे दहा हजार घट लागतील. मोझ्लीच्या वेळची बारीक तोटी अद्याप बारीकच आहे. असे घट घरोघरीं पोंचले तर पन्नास वर्षांनंतर ते कोण गोळा करणार, हा प्रश्न विक्रीपूर्वींच विचारला पाहिजे.

इतिहासाच्या अभ्यासकांचा ह्या विषयाशीं संबंध येथेंच येतो. कोणतेंही किरणोत्सर्गी द्रव्य मूळच्या सहस्रांशावर येण्यास दहा अर्धायुष्यें लागतात. स्ट्रॉन्शियमच्या बाबतींत हा काळ सुमारें तीनशें वर्षांचा होतो, म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या कारकीर्दीपासून आजपर्यंतचा. त्या काळचा एकेक कागद मिळविण्यास किती दप्तरें धुंडाळावीं लागतात व किती ठिकाणीं वाळवीनें आधींच काम उरकलेलें असतें, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. प्लुटोनियमचा काळ तर पावणेनऊशें वर्षांचा आहे. देवगिरीची स्थापना होऊन अद्याप तितकीं वर्षें झालेलीं नाहींत. इतक्या काळांत राज्यें बदलतात, भाषा बदलतात, गांवें उठून जातात. म्हणून अशी वस्तु ज्या सरकारास कोठें ठेवावयाची असेल, त्यानें तिची जागा, वजन व तारीख ह्यांची नोंद गुप्त दप्तरांत न पुरतां त्या खोऱ्यांतील लोकांच्या स्वाधीन करावी. नंदादेवीची हकीकत रैणीच्या लोकांस आधीं सरकारकडून कळली असती, तर ती संशयाच्या रूपानें त्यांच्या मनांत घर करून राहिली नसती.